रंगरावांची पारख

बैलापासून व्याह्यापर्यंत कशाचीही पारख आपल्यालाच, असं माजी सभापती रंगराव मानत आणि गावालाही मानायला लावत. जावई उमाकांतला जुनी गाडी घ्यायची होती, तेव्हा रंगरावांनी एका गाडीच्या बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाले, "हीच घ्या." बिचाऱ्याने घेतली. तेव्हापासून त्याचा पगार घरी कमी आणि गॅरेजात जास्त जाऊ लागला. आधी क्लच गेला, मग रेडिएटर, आणि आता मेकॅनिक इंजिन उतरवायचं म्हणत होता.

धोंड्याच्या महिन्यात रंगरावांनी जावयाला जेवायला बोलावलं, पाय धुऊन पाटावर बसवलं. तो बसने आलेला पाहून पंगतीत कुणीतरी गाडीची चौकशी केली.

रंगरावांनी मिशीवरून हात फिरवला. "गाडी सोन्यासारखी आहे. माझी निवड आजवर चुकलेली नाही. खोट आहे ती चालवणाऱ्यात."

पंगत हसली. उमाकांतने पुरणाच्या धोंड्यावर तूप वाढून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "असेल, मामा. पण गाडी तुम्हीच निवडलीत आणि मुलीसाठी मलाही तुम्हीच निवडलंत. दोघांपैकी एकात खोट आहेच. कोणती निवड चुकली, तेवढं सांगा."



वाढता वाढता सासूबाई म्हणाल्या, "अहो, आत्ताच पाय धुतलेत ना त्यांचे? मग गाडीच चुकली म्हणा, आणि आपल्या गाडीची किल्ली द्या."

उमाकांत सासऱ्यांच्या गाडीतून घरी गेला. चार दिवसांनी ती सोन्यासारखी गाडी रंगरावांच्या दारात आली. ढकलत.