वाळक्या पानाचे पंख

कृतयुग सरत आले होते. सह्याद्रीच्या लतावेष्टित, निबिड अरण्यात कौंडरायण नावाचे महातपस्वी, झाडावरून आपोआप गळलेले वाळके पान एवढाच आहार घेऊन उग्र तप आचरीत होते. तपाला तोड नव्हती. पण स्वभाव महासंशयी! कोकिळा बोलली, तरी ती इंद्रानेच धाडलेली. वारा सुगंधी आला, तरी त्यामागे अप्सरा असणारच. देवराजाला जणू दुसरा उद्योगच नव्हता!

एके दिवशी माध्यान्ही नीलांशुका नावाची गंधर्वकन्या धापा टाकीत आश्रमात शिरली. अंगावर मोरकंठी निळे वस्त्र, त्यावर शुभ्र पट्टा. "भगवन्, शूलदंष्ट्र दैत्य माझ्या मागे लागला आहे. अभय द्या!"

मुनींनी तिला आपादमस्तक न्याहाळले. "पळत आलीस, मग वस्त्र एवढे नीटनेटके कसे? आणि हा घाम तरी खरा कशावरून? इंद्राने काय काय पढवून पाठवले, ते बोल."

"महाराज, माझ्या जिवावर बेतले आहे हो!"

"सगळ्या जणी हेच म्हणतात!" मुनी गरजले. आजवर एकही आली नव्हती, हा भाग निराळा.

इतक्यात दैत्याच्या पावलांनी भूमी हादरली. नीलांशुका घाईघाईने मुनींच्या आहारासाठी रचलेल्या पर्णराशीत दडली.

"जटाधाऱ्या, कुठे आहे ती?" दैत्याने विचारले.

मुनींना वाटले, हाही त्याच नाटकातला! खरा दैत्य असता, तर विचारीत बसला असता का? तुच्छतेने हसत त्यांनी बोट रोखले. "ती काय, त्या पानांत. आवरा तुमचे सोंग!"

दैत्याने शूल खुपसला. आर्त किंकाळी उठली आणि पानांवर तांबडे, उष्ण रक्त पसरले. हाय हाय, केवढा हा घात! मुनींच्या एका हुंकारासरशी दैत्य भस्म झाला. पण आता त्याचा काय उपयोग?

मुनींनी कमंडलूतील जल शिंपडून सारे तप पणाला लावले. "कन्ये, तुझा देह आता वाचत नाही, प्राण तेवढे राखतो. तू फुलपाखराचे पंख धारण कर. मिटलेस, तर काळालाही वाळके पान दिसशील. उघडलेस, तर तुझे निळे वस्त्र तुझेच राहील."

"वर स्वीकारते," ती क्षीण स्वरात म्हणाली. "पण शूलाचा घाव पंखावर राहील, आणि तुम्ही रोखलेल्या बोटाची रेघही. माझ्यावर संशय घेतलात ना, मुनिवर? आता प्रत्येक पानावर घ्या!"

त्या राशीतले एक पान फडफडले, आतून निळे झळकले आणि झाडीत दिसेनासे झाले.

सायंकाळी भुकेल्या मुनींनी पानांकडे हात नेला, तो तसाच थांबला. हे पान, की ती? त्यांना काही केल्या ठरवता येईना. त्यांनी पुन्हा पानाला स्पर्श केला नाही, आणि काही दिवसांनी त्याच राशीजवळ उपाशीपोटी देह ठेवला.

आजही ते फुलपाखरू पंख मिटून बसले, की पानाची मधली शीर दिसते, ती त्या बोटाची रेघ. आणि जिथून उजेड आरपार येतो तो चिमुकला ठिपका, तो शूलाचा घाव. त्या रानात वाळके पान उचलायला वाकलेला माणूस अजूनही आधी थोडा थांबतो.