पळवाटेवरचे शंख

मुंगूस आणि उंदीर यांच्यात अजून वैर आलं नव्हतं, तेव्हाची ही गोष्ट. ज्वारीच्या बांधातल्या उंदरांनी सापाच्या भीतीने मुंगसाला नाईक नेमलं होतं. उंदराच्या बिळाला मागून एक पळवाट असते. तिच्या तोंडावर मातीचा पातळ थर ठेवलेला असतो, आणि ती नेमकी कुठे आहे हे घरच्यांखेरीज कुणालाच ठाऊक नसतं.

एके दिवशी नाईकाने हुकूम काढला, “प्रत्येकाने आपल्या पळवाटेवर गोगलगायीचा पांढरा शंख ठेवायचा. साप आला तर मला मदतीला धावता येईल.”

सगळे कामाला लागले. म्हातारी ठकू उंदरीण मात्र कुरकुरली, “साप येतो पुढच्या दाराने. मग नाईकांना मागचं दार कशाला हवं?”

“लपवण्यासारखं काही नसेल, तर भ्यायचं कशाला?” शेजारी म्हणाले.

ठकूने आपला शंख नेऊन बाभळीखाली ठेवला. तिथे बीळच नव्हतं.

आठवड्याभरात दोन घरांतली पिल्लं नाहीशी झाली. “सापाचंच काम,” नाईक म्हणाला, आणि भर सभेत ठकूवर कडाडला, “या म्हातारीने मला फसवलं! हिच्या शंखाखाली बीळच नाही!”

“नाईक,” ठकूने विचारलं, “माझ्याकडे तर साप आलाच नाही. मग तुम्ही तिथे उकरलंत कशासाठी?”

त्या संध्याकाळी नाईक फेरीला निघाला, तेव्हा बांधावरचे सगळे शंख बाभळीखाली रचून ठेवलेले होते.