पंतांच्या गादीखालची पोथी

"ऐकलंत का? राजेसाहेब म्हणे नव्या लेखकाची पोथी पालखीतून मिरवणार, आणि त्या लेखकाला..."

एवढ्यात रहाट करकरला! लेखकाला काय, ते विहिरीतच राहिलं. पलीकडे धुणं धुता धुता मथूकाकूंनी मान वेळावून वेळावून कान दिला, पण पुढचं काही हाती लागेना. घागरी उचलून बायका गेल्यासुद्धा! लेखकाला काय? सोन्याचं कडं? शालजोडी? काकूंना धुणं सुचेना.

कारण काकू स्वतःच लेखक होत्या. म्हणजे आपल्या मनानं. लहानपणी पंतोजींच्या ओट्याखाली उभं राहून चार अक्षरं उचललेली, आणि अक्षरही असं की आपलंच लिहिलेलं दुसऱ्या दिवशी आपल्यालाच लागू नये! तरी तीन वर्षांपूर्वी त्यांनी 'आमच्या आळीतली भांडणं' लिहून काढली, जुन्या हिरव्या लुगड्याच्या फडक्यात बांधली आणि देवतळीच्या दरबारी पोथीशाळेत देऊन आल्या. पोथी पसंत पडली तर लेखनिक तिच्या प्रती काढत, मग ती गावोगावच्या चावडीवर वाचली जाई. नापसंत पडली तर ज्याची त्याला परत, असा रिवाज. काकूंना होकार आला नाही की नकार. काकू आपल्या म्हणत, "इतकी आवडली असेल की बिचाऱ्यांना शब्दच सुचत नसतील!"

आता दुसरी पोथी तयार होती. 'माझ्याच फजित्या'. काकूंनी ती काखोटीला मारली आणि तडक पोथीशाळा गाठली. नेमके राजे हिंदुरावही त्या दिवशी तिथं आलेले. समोर भल्या उंच बैठकीवर पोथीशाळेचे कारभारी भिकाजीपंत बसले होते.

"काय आणलंय?" पंतांनी वरूनच विचारलं.

"पोथी. नव्या लेखकाची घेताय असं ऐकलं."

"अर्धंच ऐकलंत, बाई! लेखक नवा हवा, पण मुरलेला हवा. ज्याची एक पोथी आधीच या पोथीशाळेत आहे, त्याचीच नवी पोथी आम्ही उघडतो."

"आणि जिची पहिलीच असेल तिनं?"

"तिनं दुसरी घेऊन यावं!"

"वा! म्हणजे लग्न ठरवायच्या आधी नातू दाखवा, असंच ना?"

दरबारी खुसखुसले. राजांच्या भुवया चढल्या. नियम त्यांचा होता, आणि राजे एकदा बोलले की बोलले.

"बाई, तोंड फार चालतं तुमचं! सूर्य मावळायच्या आत या पोथीशाळेत तुमची आधीची पोथी दाखवा. दाखवलीत तर ही नवी पालखीतून मिरवू. नाही दाखवलीत, तर बोरू इथंच मोडायचा. जन्मात पुन्हा एक ओळ लिहायची नाही!"

काकूंनी काखोटीची पोथी घट्ट धरली. लिहायचं नाही? मग दिवसभर आळीत ऐकलेलं ठेवायचं कुठं? पोट फुटायची वेळ यायची!

त्यांनी फडताळांवरून नजर फिरवली. सगळीकडे लाल रुमालात बांधलेल्या थोरामोठ्यांच्या पोथ्या. हिरवं फडकं कुठंच नाही. आता दुसऱ्याच्या घरात गेलं की आधी पलंगाखाली डोकवायची काकूंची जुनी खोड. त्यापायी आळीत किती बोलणी खाल्लेली! सवयीनं त्यांची नजर पंतांच्या गादीखाली गेली, आणि काकूंचा चेहरा खुलला.

"पंत, तीन वर्षांपूर्वी मी इथं एक पोथी दिली होती. वाचलीत का हो?"

राजांसमोर नाही कसं म्हणायचं? पंत म्हणाले, "वाचली तर! डोळ्यांत पाणी आलं. काय ती भक्ती! काय ते वैराग्य!"

"वैराग्य? अहो, दोन जावा एका खलबत्त्यावरून सात वर्षं भांडतात, त्याची हकीकत आहे ती!"

पंतांनी पागोटं सावरलं. "मग... मग नापसंत केली असेल."

"नापसंत पोथी परत करायची हा रिवाज. मला केलीत परत?"

"नसेल केली."

"जाळलीत?"

"छे छे! पोथी कुणी जाळतं का?"

"परत नाही केली, जाळली नाही, म्हणजे इथंच असणार. महाराज, पंतांना जरा उठायला सांगा. ते माझ्या पोथीवर बसलेत!"

पंत उठेनात. राजांनी डोळे वटारले तेव्हा उठले. शिपायांनी गादी उचलली, तर खाली गठ्ठेच गठ्ठे! एकावर एक रचलेल्या, न उघडलेल्या पोथ्या. त्यातच हिरव्या फडक्यातली काकूंची, दाबून दाबून पापड झालेली. गाठसुद्धा काकूंनीच मारलेली, तशीच्या तशी!

"पण ही फडताळात नव्हती!" पंत ओरडले.

"पोथी पोथीशाळेत हवी, एवढाच नियम," काकू हात जोडून म्हणाल्या. "फडताळात उभी हवी की कारभाऱ्यांखाली आडवी चालेल, हे काही महाराजांनी सांगितलं नव्हतं!"

राजे आधी गालात हसले, मग पोट धरून हसले. "तरीच म्हटलं, पंत, तुम्ही वर्षागणिक उंच कसे होताय! आता बसा खाली जमिनीवर, आणि यातली एकूण एक पोथी वाचून काढा!"

मग त्यांनी स्वतःच नवी पोथी उघडली. पहिलीच ओळ होती: 'या पोथीत जी बाई मूर्ख दिसेल ती मीच, इतरांनी ओढवून घेऊ नये.' राजांना पुन्हा हसू आवरेना.

दुसऱ्या दिवशी वाजतगाजत पालखी निघाली. आत जरीच्या लोडावर 'माझ्याच फजित्या' ऐटीत बसलेली. मागून नवी शालजोडी सावरत, घामाघूम होत मथूकाकू पायी चाललेल्या. विहिरीवरच्या बायकांनी तोंडात बोट घातलं.

"अगंबाई! आम्ही तर ऐकलं होतं, लेखकालाही पालखीत बसवणार!"

"अर्धं खरं आहे गं," काकू धापा टाकत म्हणाल्या, "पण जागा एकाचीच निघाली. आणि तुम्हीच सांगा, आमच्या दोघींत हलकी कोण?"

घोड्यावरून चाललेले राजे खो खो हसले. "लेखनिकांना सांगा," ते म्हणाले, "बाईंच्या दोन्ही पोथ्यांच्या शंभर शंभर प्रती काढायच्या!"