त्यांनी मागितलेला फोटो

“त्यांनीच मागितला? स्वतःहून?”

“स्वतःहून, सेन्सेई! तीन प्रती. त्यांच्या म्होरक्याला माझी सहीसुद्धा हवी आहे.”

हे सांगताना कोहेईची छाती चांगली चार बोटं फुगली होती. सेन्सेई म्हणजे आपल्याकडचे गुरुजी. हे इसोबे सेन्सेई अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. टोकियोतल्या एका गल्लीत त्यांचा जुना फोटो स्टुडिओ, आणि कोहेईने कॅमेरा हातात धरला तो इथेच. आता शुक्रवारी त्याचं पहिलं मोठं प्रदर्शन उघडणार होतं. हॉल ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. फक्त सेन्सेईंच्या तोंडून एक ‘छान’ यायचं राहिलं होतं, आणि ते येणारच याची कोहेईला खात्री होती.

दर ऑगस्टमध्ये, जपान दुसरं महायुद्ध हरल्याच्या दिवशी, एका शिंतो देवळात कट्टर राष्ट्रवाद्यांचा मेळावा भरत असे. युद्धात मेलेल्यांची नावं त्या देवळात पुजली जातात. मेळाव्याला लोक जुने लष्करी गणवेश चढवून येत, बिगुल वाजत, ट्रकवरचे भोंगे कोकलत. ते युद्ध पवित्र होतं! परक्यांना हाकला! कोहेई नऊ वर्षं न चुकता तिथे जात होता. या द्वेषाचा चेहरा जगाला दाखवायचाच, असा त्याचा निर्धार होता. निर्धार खरा होता, पोरगा मेहनती होता. त्यात खोट काढायला जागा नाही.

समोर टेबलावर त्या मेळाव्याच्या म्होरक्याचा फोटो पडला होता. तोंड वासलेलं, गळ्याच्या शिरा ताठ, मागे झेंडा.

“कुठे लावणार ते हा?”

“त्यांच्या कचेरीत. दारातून शिरलं की समोरच!” कोहेई हसला. “आपले वाभाडे निघालेत, हेसुद्धा कळत नाही त्यांना.”

“त्यांना कळत नाही...”

सेन्सेईंनी त्याचेच शब्द पुन्हा उच्चारले आणि फोटो जवळ ओढला.

आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं, ही म्हण जपानात कुणी ऐकलेली नसणार. पण म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर ती नेमकी उमटली होती. कोहेईचं हसू हळूहळू ओसरलं.

“न कापलेले फोटो दाखव,” सेन्सेई म्हणाले.

कोहेईने पिशवीतून गठ्ठा काढला. नऊ वर्षांचे फोटो, काडेपेटीएवढे, जसे निघाले तसे. प्रत्येकावर त्याने लाल पेन्सिलीने चौकट आखलेली होती. चौकटीतलं ठेवायचं, बाहेरचं कापून टाकायचं. चौकटीत सगळीकडे वासलेली तोंडं होती.

सेन्सेईंनी भिंग घेतलं आणि चौकटीच्या बाहेर ठेवलं.

“इथे कोण आहे?”

कोहेई वाकला. “कुणी नाही. कुणाची तरी पाठ.”

“या वर्षी?”

“पाठच आहे...”

“आणि हे?”

तिसऱ्या वर्षी, पाचव्या वर्षी, नवव्या वर्षी. सारं मैदान कॅमेऱ्याकडे तोंड करून ओरडत होतं आणि एकच माणूस देवळाकडे तोंड करून उभा होता. डोक्यावर गवताची टोपी. काठाशी ती उसवलेली, आणि दर वर्षी थोडी जास्तच.

“आहे कोण हा?” कोहेई वैतागून म्हणाला.

सेन्सेई उठले. खुंटीवरची टोपी काढून त्यांनी डोक्यावर ठेवली आणि कोहेईकडे पाठ करून भिंतीसमोर उभे राहिले.

टोपी काठाशी उसवलेली होती.

कोहेईने फोटोतली पाठ पाहिली, समोरची पाठ पाहिली.

“सेन्सेई... तुम्ही? या लोकांत?”

“या लोकांत नव्हे. दादाकडे.” सेन्सेई भिंतीकडे पाहतच बोलत होते. “त्याचं नाव आहे तिथे. एकोणिसाव्या वर्षी सैन्यात नेला त्याला. न्यायला आले त्या सकाळी तो कोळशाच्या खोलीत जाऊन लपला. मी आठ वर्षांचा. मला वाटलं, लपाछपी चालली आहे.”

“मग...?”

“मीच शोधला त्याला. टाळ्या वाजवल्या, ‘सापडला, सापडला’ म्हणून ओरडलो.”

बाहेर गल्लीतून एक सायकल घंटी वाजवत गेली. कोहेईला आयुष्यात पहिल्यांदाच कॅमेऱ्याचं ओझं वाटलं.

“दर वर्षी ते भोंग्यावरून सांगतात, सगळे हसत हसत गेले. दर वर्षी मी जाऊन दादाला सांगतो, हे खोटं बोलतात रे, मी पाहिलंय तुला.”

“मी तर दहा पावलांवर होतो! हाक तरी मारायची होती, सेन्सेई.”

“तू कामात होतास.”

यात टोमणा नव्हता, म्हणूनच ते फार लागलं. कोहेईने म्होरक्याचा फोटो उचलून पालथा घातला. नऊ वर्षं एका फटक्यात पालथी पडल्यासारखं त्याला वाटलं. पण शुक्रवार काही टळत नव्हता, आणि तो पळ काढणाऱ्यातला नव्हता. त्याने खिशातलं रबर काढलं आणि समोरच्या फोटोवरची लाल चौकट खोडून टाकली. मग पुढच्या फोटोवरची. मग तो थांबला.

“शुक्रवारी यातला कुठला लावू?”

सेन्सेईंनी टोपी काढली, काठावरून एकदा हात फिरवला आणि ती खुंटीला अडकवली.

“ज्याची प्रत ते मागणार नाहीत, तो.”