लाल दोरा

फार जुन्या काळी हिरू तांडेलाच्या कोऱ्या जाळ्यात एक कासवीण गुरफटली. तिला श्वास घेता येईना.

"ओढा हो लवकर, ही मला फाडतेय!" जाळं ओरडलं.

हिरूने सुरी काढली आणि जाळ्यालाच लावली.

"अहो, मी तुमचं आहे!"

"म्हणून तर तुला कापतोय. ती कुठे माझी आहे?"

कासवीण समुद्रात निघून गेली. जाळं मात्र परतीच्या वाटेवर तळमळत राहिलं. आता मला टाकून देणार, बाकीची जाळी हसणार!

हिरूच्या बायकोने, नामीने, फाटलेला भाग लाल दोऱ्याने विणला आणि जाळं किनाऱ्यावर वाळत घातलं. जाळ्याने भीत भीत आजूबाजूला पाहिलं. गावातल्या प्रत्येक जाळ्यात लाल दोरा होता. शेजारच्या म्हाताऱ्या जाळ्यावर तर सात ठिगळं होती.

"पहिलंच का रे?" त्याने विचारलं.