कळशीचा कर्णा

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी, ते सांगणाऱ्याला ठाऊक नाही आणि ऐकणाऱ्याने विचारू नये. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावाला नव्या वस्तूंचं भारी वेड. वाऱ्यात न विझणारा कंदील, आपणच घटका मोजणारं पात्र, एका हाताने फिरणारं जातं, काही ना काही दर बाजाराला निघायचंच.

पण गावाची एक रीत होती. नवी वस्तू उंबऱ्याच्या आत नेण्याआधी ती पारावर दाखवायची. पारावर एक पारखी बसायचा. तो म्हणेल "घ्या", तर घ्यायची. तो म्हणेल "ठेवा", तर जिथून आणली तिथे नेऊन ठेवायची. "पारावर दाखवलं का?" असं सासू सुनेला विचारायची, आणि जावई सासऱ्यालाही.

पहिल्या पहिल्यांदा हा पारखी प्रत्येक वस्तू आठ दिवस घरी न्यायचा. चाळण असेल तर त्याची आई पीठ चाळून बघायची, कंदील असेल तर वाऱ्यात धरून बघायची. मग मायलेक बसून बोलायचे, आणि नवव्या दिवशी पारावर मत सांगितलं जायचं. ते मत सहसा चुकत नसे.

पुढे आईला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना कान घेऊन गेला. पारखी सुरुवातीला तिच्या कानाशी ओरडून बोलायचा. मग त्याचा घसा दुखायला लागला. मग तो हातवाऱ्यांवर आला. भाकरी हवी तर हाताची थाप, पाणी हवं तर ओंजळ. चार वर्षांत त्याने आईशी भाकरी आणि पाण्यापलीकडे काही बोलल्याचं कुणाला आठवत नाही. त्यालाही आठवत नव्हतं.

तिकडे पलीकडच्या गावातल्या पारख्याने उभ्या उभ्या मत द्यायला सुरुवात केली. मग आपलं गाव आठ दिवस कुठलं थांबायला? पारखीही तोंडातलं पान संपायच्या आत निकाल देऊ लागला. वस्तूवर एक टिचकी मारायची, उलटीपालटी करायची आणि बोलून मोकळं व्हायचं. त्यातून त्याला एक गोष्ट कळली. वस्तू चांगली म्हटली की लोक मान डोलावून घरी जात. वस्तूची टर उडवली की लोक थांबत, आणि हसत. हळूहळू त्याला टर उडवायची इतकी गोडी लागली, की चांगल्या वस्तू गावात येणंच कमी झालं.

एका बाजाराच्या दिवशी गावचा तांबट पारावर आला. त्याच्या हातात तांब्याचा एक कर्णा होता. एक तोंड रुंद, दुसरं बोराएवढं.

"हे काय?" पारख्याने विचारलं.

"ऐकू कमी येतं त्याच्यासाठी आहे, पारखीबुवा. बारीक तोंड कानात धरायचं. बोलणं मोठं होऊन आत जातं. एकांनी मागणी करून बनवून घेतलाय, हा त्याच्याच जोडीचा नमुना. लावून तरी बघा."

"माझे कान शाबूत आहेत," पारखी म्हणाला, आणि दोन-चार जण हसले. तेवढ्यावर तो खुलला. त्याने कर्ण्यावर टिचकी मारली, तो कपाळाशी धरला आणि लोकांकडे वळला. "देवाने बैलाला शिंगं डोक्यावर दिली. आमच्या तांबटाने ती कानावर आणली. ज्याला म्हातारपणी बैल व्हायची हौस असेल, त्याने घ्यावा."

पार हसून हसून वाकला. तांबट तेवढा हसला नाही. तो म्हणाला, "बुवा, ज्यांना ऐकू येत नाही त्यांना एकदा विचारा तरी."

"त्यांना काय विचारायचं? सगळं आयुष्य ऐकण्यात गेलं, त्यातलं किती ध्यानात राहिलं? आता म्हाताऱ्यांनी गप्प बसावं, आणि आम्हाला ओरडण्यातून सुटी द्यावी. ठेवा, ठेवा."

तांबटाने कर्णा उचलला. जाताना त्याने पारावरच्या झाडाच्या बुंध्यापलीकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. पारख्याने ते पाहिलं, पण पान संपत आलं होतं आणि पुढचा माणूस खलबत्ता घेऊन उभा होता.

त्या दिवसापासून पोरं वाकून चालणाऱ्या म्हाताऱ्यांना "बैल आला" म्हणू लागली. वेशीवरचा जुना पहारेकरी कर्णा मागायला तांबटाकडे निघाला होता, तो अर्ध्या वाटेतून परतला.

घरी आईने नेहमीसारखं वाढलं. ती त्या दिवशी काहीच बोलली नाही, पण पारख्याला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

आठ-दहा दिवसांनी तो पाणी प्यायला आत गेला, तर तिवईवर तांब्याची कळशी होती. ती आईने माहेराहून आणलेली. तिचा काठ त्याच्या ओळखीचा होता, पोट मात्र नवं दिसत होतं. सवयीने त्याने टिचकी मारली. आवाज नव्या जोडाचा आला. मग त्याच्या लक्षात आलं की महिनाभर तो मातीच्या माठातलं पाणी पीत होता. कळशी जागेवर नव्हती, आणि त्याने कुठे गेली म्हणून विचारलं नव्हतं. गावच्या मडक्यातला केसाएवढा तडा ओळखणारा माणूस हा.

त्याने कळशीकडे बोट करून भुवया उंचावल्या.

"जुनीच आहे," आई म्हणाली. "मध्ये थोडे दिवस दुसरं काही झाली होती."

पारख्याला तांबटाचा कर्णा आठवला. तो तसाच तांबटाकडे गेला. तांबट भाता थांबवून म्हणाला, "तुमची आई मला सांगू नको म्हणाली होती. तुम्हाला चकित करायचं होतं तिला. सगळं गाव माझ्या लेकाचं ऐकायला जातं, म्हणाली, मीच तेवढी राहिले. पहिला आवाज त्याचाच ऐकायचा, म्हणून माझ्याकडेसुद्धा लावून पाहिला नाही. त्या दिवशी पदराखाली कर्णा धरून बुंध्यामागे बसली होती. तुमच्यापासून चार हातांवर."

 आपण काय काय बोललो ते पारख्याला शब्दन् शब्द आठवू लागलं, आणि प्रत्येक शब्दाला तो मनातल्या मनात कान झाकून घेऊ लागला. कान झाकल्याने काही होत नव्हतं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी आली," तांबट म्हणाला, "आणि म्हणाली, याची पुन्हा कळशी कर."

"दुसरा करून दे, दादा. मागशील ते देतो."

"नमुना आहे की. घेऊन जा. पण ती लावायची नाही. मी म्हटलं होतं तिला, राहू दे, उपयोगी पडेल. तर म्हणाली, ऐकायचं होतं ते ऐकलं."

पारख्याने नमुना उचलला आणि पहिल्यांदाच स्वतःच्या कानाला लावला. निखारा तडकल्याचा आवाज आला. दूर कुणीतरी वासराला हाक मारत होतं, ती आली. वस्तू चांगली होती. फार चांगली होती.

कर्णा घेऊन तो घरी आला. आई अंगणात शेंगा फोडत बसली होती. त्याने कर्णा पुढे केला. तिने एकदा पाहिलं आणि मान हलवली.

मग तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, "आई, माझं चुकलं."

"काय म्हणालास?"

"माझं चुकलं," तो जरा मोठ्याने म्हणाला. शेजारीण दारात आली.

"ऐकू येत नाही रे. मोठ्याने बोल."

पारख्याने आजूबाजूला पाहिलं. कुंपणाशी चार डोकी जमली होती. तेच चेहरे, पारावर हसलेले. लाजेने त्याचे कान तापले. क्षणभर वाटलं, उठावं आणि आत जावं. पण तो उठला नाही. त्याने डोळे मिटले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला, "आई, मी न वापरता बोललो. तो कर्णा चांगला आहे. माझं चुकलं."

 आईने शेंगेचा दाणा सुपात टाकला.

"मला पहिल्याच वेळी ओठांवरून कळलं होतं," ती म्हणाली. "पण टर गावासमोर उडवलीस. चूक माझ्या एकटीच्या कानात सांगून कसं चालेल? आता जा, हा कर्णा वेशीवरच्या पहारेकऱ्याला देऊन ये. त्याच्या नातीला बोलता यायला लागलंय."

तो गेला. पहारेकऱ्याने कर्णा लावला, आणि पुढे गावातल्या सात म्हाताऱ्यांनी लावला. आईने मात्र शेवटपर्यंत लावला नाही. पारखी पुन्हा प्रत्येक वस्तू आठ दिवस घरी ठेवू लागला. पारावरची गर्दी ओसरली, कारण हसायला काही उरलं नव्हतं. रोज जेवताना तो आईशी ओरडून बोलायचा, घसा बसेपर्यंत. पण काही गोष्टी हळू आवाजातच सांगायच्या असतात. त्या त्याच्या पोटात तशाच राहिल्या.

म्हणून सांगतात, जी वस्तू आपण वापरून पाहिली नाही तिची टर उडवण्याआधी, ती कुणाच्या पदराखाली आहे ते पाहावं.