डोहाळ्यांचा फ्राय ब्रेड

“आता ह्यात काय वाईट आहे, ते तरी सांगा बुवा!”

मालूअक्कानं डबा केशरगीर बुवांच्या पुढ्यात ठेवला. ठेवला कसला, आदळलाच म्हणायचा. झाकण उडालं, धुनीच्या कडेला गेलं आणि गरगरत राहिलं.

झाकण थांबेपर्यंत बुवा थांबले.

मग त्यांनी वाकून डब्यात पाहिलं. ताटलीएवढी, जाडसर, सोनेरी तळलेली मैद्याची रोटी. तिच्यावर शिजवलेला राजमा, बारीक चिरलेला कोबी, टोमॅटो, कांदा, आणि वरून किसलेलं चीज.

“काय म्हणायचं ह्याला?”

“ताको. खालची रोटी आहे ना, ती फ्राय ब्रेड. सूनबाईचे डोहाळे, दुसरं काय! जगात सगळ्या बायकांना चिंचा-बोरं लागतात. माझ्या सुनेला हे लागलं.”

“मग खाल्लं का तिनं?”

“एक घास. ‘छान आहे, आई’ म्हणाली आणि ताट बाजूला सारलं. डोळे काठोकाठ भरलेले. आता काय डोकं आपटून घेऊ का मी?”

बुवांनी धुनीतलं लाकूड जरा आत सरकवलं.

मालूअक्का बुवांची जुनी शिष्या. मठ गावाबाहेर, नदीपलीकडच्या टेकाडावर, पण तिची येण्याची वेळ कधी चुकायची नाही. आली की आधी झाडू हातात घ्यायची, मग पाणी भरायची, मग बुवांच्या भाकरी बडवायची आणि सगळं उरकलं की पाया पडायची.

गावात तिचा दबदबा होता तो तिच्या हाताच्या चवीचा. लग्नाची कढई तिच्याशिवाय चढत नसे. तिच्या टम्म फुगलेल्या पुऱ्या पानात पडल्या की रुसलेला व्याहीसुद्धा गप बसून जेवायचा. ती स्वतः मात्र कुणाच्या घरचं खात नसे. कुणाकडे गेलीच तर घोटभर पाणी घ्यायची, आणि घरी येऊन सांगायची, “आमटीची फोडणी करपली होती त्यांच्या. दारातच वास आला मला.”

तर अशा बाईचा मुलगा धैर्यशील, पवनचक्क्यांच्या कामावर अमेरिकेला गेला आणि तिकडची बायको करून आला. गोरी नव्हे. त्या देशातल्या मूळच्या लोकांतली, नवाहो म्हणतात त्यांच्यातली. नाव शांडीन. पोरगी गुणाची. मराठी मोडकं बोलायची, पण न लाजता बोलायची. तिला पाचवा महिना लागला होता आणि अन्नावरची वासनाच उडाली होती.

“परवाचं विमान आहे तिचं,” मालूअक्काचा आवाज चिरकला. “आजीकडं जाते म्हणाली, बाळंतपणाला.”

“पहिलं बाळंतपण माहेरीच असतं की.”

“असतं हो! रीत मला का ठाऊक नाही? पण हसत गेलेली लेकबाळ परत येते, बुवा. तोंड पाडून गेलेली येत नाही. मग तिच्या मागोमाग धैर्यशील जाणार. आणि नातवाचं तोंड मी फोनवर बघायचं... दोन बोटांनी मोठं करून!”

“हं.”

“हं काय हं! गुरू ना तुम्ही माझे? काहीतरी सांगा की.”

“तूच सांग. काय काय केलंस?”

हे विचारायचाच अवकाश होता.

“काय करायचं ठेवलं म्हणता? धैर्यशीलनं फोनवर दाखवलं तसं केलं. मैदा, मीठ, बेकिंग पावडर, कोमट पाणी. पहिल्यांदा पीठ घट्ट मळलं, पुरीला मळतो तसं, आणि लाटलं. कढईत सोडलं तर हा फुगा! मी म्हटलं, बघ गं, अशी पुरी तुझ्या अमेरिकेत बघितलीस का? तर तिनं बोटानं दाबून फुग्यातली हवा काढली आणि म्हणाली, ‘छान आहे, आई.’ बरं, म्हटलं, फुगायला नको असेल. दुसऱ्यांदा सैल भिजवलं, झाकून ठेवलं, हातावर थापलं, मधे भोक पाडलं. तरी ‘छान आहे, आई’. मग म्हटलं, त्या राजम्यात काय चव असणार? मटकीची उसळ घातली. ओवा घातला. एकदा तर आपला कांदा-लसूण मसाला घातला. छान आहे! छान आहे! मला त्या शब्दाची शिसारी आलीय, बुवा.”

बुवांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू असेल, नसेल.

“हसू नका! इथं माझा जीव मेटाकुटीला आलाय.”

“ती कुठं असते, तू करत असताना?”

“दारात. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर येऊन उभी राहते आणि बघत बसते. म्हणते, ‘आई, मी करते?’ मी म्हटलं, अगं दोन जिवांची तू. डोहाळकरणीनं पाटावर बसायचं आणि मागायचं. आमच्यात इकडची काडी तिकडं करू देत नाहीत. तेवढे लाड तरी करू दे मला.”

“मग?”

“मग काय, एकदा ऐकलंच नाही. मी फोडणीकडं वळले, तेवढ्यात हिनं परातीत हात घातले. कोपरापर्यंत पीठ! मी परात काढून घेतली. पण रागावले नाही हो, मुळीच नाही. मोरीपाशी नेलं, तिचे हात माझ्या हातांनी धुतले, माझ्या पदरानं पुसले आणि पाटावर बसवलं. लेकीचंसुद्धा कुणी करत नाही इतकं!”

“धुतलेस?”

“धुतले.”

बुवांनी तिच्या हातांकडे पाहिलं.

“का? त्यात काय झालं?”

बुवांनी डब्यातल्या रोटीचा तुकडा मोडला. राजमा, कोबी सगळं नीट वर घेतलं. सावकाश चावलं.

“झकास झालंय.”

“बघा!” मालूअक्कानं कपाळावर हात मारला. “म्हणजे माझं चुकत नाही. चुकतंय ते तिचंच. आणि ऐका, ह्या खाण्याची कथा तरी कशी! ती सांगत होती, फार मागं तिच्या लोकांना शिपायांनी मुलखातून हाकललं, चालवत चालवत नेलं आणि कोंडून ठेवलं. खायला काय, तर पीठ आणि चरबी. त्यातून त्यांच्या बायकांनी ही रोटी काढली. आजी तिला शिकवताना म्हणायची, आमच्या म्हाताऱ्या हे रडत शिकल्या आणि आता आम्ही जत्रेत हसत खातो. मी म्हटलं, बाई गं, असलं दुःखाचं खाणं भरल्या ओटीनं कशाला आठवावं? तर गप्प झाली. तेव्हापासून गप्पच आहे.”

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. आतून पिठाचा डबा आणला, काठवट आणली.

मालूअक्का सवयीनं उठली. “द्या इकडं. भाकरी मी थापते.”

“बसा, माई.”

ती चमकली. एवढ्या वर्षांत बुवा तिला कधी ‘बसा’ म्हणाले नव्हते. मालू म्हणायचे, नाहीतर अगं म्हणायचे. माई तर परगावच्या बायकांना म्हणायचे, पहिल्यांदा आलेल्यांना.

“असं काय बोलताय?”

बुवांनी आपली घोंगडी झटकली आणि दुमडून तिच्यासाठी अंथरली. “बसा. आपण पाहुण्या.”

बसली बिचारी. न बसून करते काय?

बुवांनी पिठात पाणी ओतलं. नको तेवढं ओतलं. पीठ बोटांना चिकटत होतं. मालूअक्काला ते बघवेना. तिची बोटं आपोआप वळवळायला लागली, पदराशी चाळा करायला लागली.

“पाणी जास्त झालं, बुवा.”

“असू द्या, माई.”

“मूठभर पीठ घाला वरून... अहो, असं नव्हे... जरा मी...”

“हात लावू नका. आपण दमून आलात.”

तवा तापून धुरावला. भाकरी तव्यावर पडताना घडी पडली आणि एका अंगानं फाटली. मालूअक्का अर्धी उठली, पुन्हा बसली. हिच्या हाताखाली गावातल्या किती पोरी भाकरी शिकल्या, आणि हिच्यासमोर भाकरीची ही दशा! बरं, बोलायची सोय नाही. बुवा प्रत्येक वेळी इतकं गोड हसायचे की तिच्या अंगाची लाही लाही व्हायची.

“निदान कांदा तरी चिरते,” ती म्हणाली, आणि उत्तराची वाट न बघता विळीवर बसली.

बुवा आले. तिच्या हातातला कांदा त्यांनी हळूच काढून घेतला. मग तांब्या उचलला आणि तिच्या हातांवर पाणी घातलं. खांद्यावरच्या पंच्यानं तिची बोटं पुसली, एकेक करून. फार मायेनं पुसली. आणि तिला घोंगडीकडे नेलं.

मालूअक्का आपल्या कोरड्या हातांकडे बघत बसली.

“बुवा,” ती म्हणाली, “मी काय परकी आहे का इथं?”

बुवांनी तव्यावरून भाकरी काढली.

त्यांनी पान वाढलं. फाटलेली भाकरी, एका बाजूला करपलेली. कांदा, मीठ, तेलाची धार. पान तिच्यापुढे सरकवलं आणि हात जोडले.

“घ्या, माई. सावकाश होऊ द्या.”

गुरूच्या हातचं. नाही कसं म्हणायचं? तिनं घास मोडला, तोंडात घातला. घास तोंडातल्या तोंडात फिरला. खाली उतरेना. भाकरी करपली होती, पण करपली म्हणून नव्हे.

बुवा टक लावून बघत होते.

“छान आहे, बुवा,” मालूअक्का म्हणाली, आणि पान बाजूला सारलं.

सारता सारता तिचा हात थांबला.

...

धुनीतलं लाकूड तडतडलं. खाली नदीवर कुणीतरी धुणं आपटत होतं, त्याचा आवाज वर येत होता.

...

मालूअक्कानं पदरानं डोळे पुसले. बराच वेळ पुसले. मग एकदम उठली, डबा बंद केला आणि पायात चपला अडकवल्या. उंबऱ्यापर्यंत गेली आणि तिथून उलटी वळली.

“पण बुवा, पाचव्या महिन्याची पोर कढईपुढं उभी केली तर शेजारपाजार काय म्हणेल?”

बुवा काठवट खरवडत होते.

“बरं, म्हणेल ते म्हणू दे. पण ती माझ्या कढईत सगळीकडं मैदा सांडेल. तेल धुरकावेल. रोट्या कच्च्या राहतील, माझ्यासमोर! आणि मी काय करू तेव्हा? हाताची घडी घालून बसू? माझ्याच घरात?”

बुवांनी काठवट पालथी घातली.

“तुमच्यापुढं बोलून काही उपयोग नाही!” मालूअक्का पुरती वैतागली. “बरं, एवढं तरी सांगा. मैदा आहे घरात. तेल आहे. राजमा भिजत घातलाय. आणखी काय घेऊन जाऊ?”

बुवांनी वर पाहिलं.

“भूक घेऊन जा, मालू.”